खंडकऱ्याचं रान : बाजरी, ऊस आणि आता प्लॉट?

श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव भागातल्या नव्या पोरांना ‘खंडकरी’ म्हणजे काय असं विचारलं तर अनेकांना सांगता येत नाही. आम्ही खंडकऱ्यांच्या घरातले, म्हणून लिहितो. खंड म्हणजे जमिनीचं भाडं. खंडाने जमीन दिली तो खंडकरी.

पणजोबांच्या काळी हे रान जिरायत होतं. बाजरी, ज्वारी, थोडी करडई. विहिरीवर मोट असली तर चार वाफे भाजी. मग प्रवरेचे कालवे आले. भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झालं आणि ओझरच्या बंधाऱ्यातून पाणी शिवारात खेळू लागलं. पाणी आलं, पण ऊस लावायला लागणारं भांडवल शेतकऱ्याकडे कुठे होतं? ते खासगी साखर कारखान्यांकडे होतं. त्यांनी हजारो एकर जमीन लांब मुदतीच्या खंडाने घेतली. बांध मोडले, चर खणले, सलग मळे केले. टिळकनगर, चांगदेवनगर ही नावं त्याच काळाची. आमच्याकडे वर्षाला खंड यायचा आणि ज्याची जमीन त्याच्याच घरातला माणूस त्याच मळ्यावर रोजाने जायचा!

खरी मेख पुढे आहे. 1961 चा कमाल जमीन धारणा कायदा आला. कारखान्यांच्या ताब्यातली जमीन मर्यादेपेक्षा जास्त ठरली आणि सरकारजमा झाली. जमीनदारी मोडायला केलेल्या कायद्यात पाच-दहा एकरवाला मूळ मालकही भरडला गेला. कारण कायद्याने मोजलं ते कारखान्याचं क्षेत्र. मळ्यांचे तुकडे पडू नयेत, कारखान्यांचा ऊस तुटू नये, म्हणून 1963 मध्ये राज्य शेती महामंडळ स्थापन झालं. जमिनी तिकडे गेल्या.

त्यानंतर मोर्चे, कोर्ट, निवेदनं. कॉम्रेड माधवराव गायकवाडांनी या प्रश्नासाठी आयुष्य घातलं, हे आज किती जणांना आठवतं? जमिनी परत मिळायला 2012 च्या सुमारास सुरुवात झाली. तोवर आजोबा गेले होते, चुलते म्हातारे झाले होते. बांध मोडून पन्नासावर वर्षं झालेली, त्यामुळे पूर्वीचंच रान सगळ्यांना मिळालं असं नाही. कालव्याच्या पाण्याने काही जमीन चोपण झालेली, ती कुणाच्या तरी वाट्याला येणारच. आमच्याकडे आलेल्या तुकड्यात पहिली दोन वर्षं सोयाबीनसुद्धा धड उगवलं नाही. शेणखत, ताग, चर काढणं असं करत आता कुठे गहू-कांदा येतो.

म्हणजे शंभर वर्षांत या रानात काय पिकवायचं हे आधी पावसाने ठरवलं, मग कारखान्याने, मग सरकारने. आता पहिल्यांदा आम्ही ठरवणार, तर रस्त्याला लागून गुंठ्याचा भाव विचारणारे रोज गाड्या घेऊन येतात. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. सातबाऱ्यावर अकरा नावं असली की वाट्याला येतं काय? पोराची फी कांद्याच्या भावावर भरता येत नाही.

पण आमच्या घरात मी एवढंच मांडलंय: विकायचंच तर रस्त्याकडचा पट्टा विका. विहीर, तिच्याकडे जाणारी गाडीवाट आणि मागचं दुरुस्त झालेलं रान सामाईक ठेवा, आणि ते लिहून ठेवा, तोंडी नको. दोन चुलतभाऊ तयार आहेत. पुण्याचे तिघे दिवाळीला येतील तेव्हा बसायचं ठरलंय. तुमच्या गावातल्या खंडकऱ्यांनी वाटणी कशी केली, कमेंटमध्ये सांगा. खरंच उपयोग होईल.