विचारावे कोणाला?

२०१७ च्या ऑक्टोबरातील गोष्ट. घाटंजी तालुक्यातील ज्या गावी मी शाळामास्तर आहे, तेथे मधल्या सुट्टीत मी ओसरीवर वह्या तपासत बसलो होतो. चौथीतल्या एका मुलाची आजी फाटकातून आत आली. थोडा वेळ ती नुसतीच उभी राहिली, आणि मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "गुरुजी, एक इचारू का? हासान त नाही?"

"विचारा ना आजी. हसायचे काय त्यात?"

"फवारनीचे कपडे आन् पोराईचे कपडे मी एकाच बालटीत धुतो. चालते ना?"

त्या हंगामात आमच्या जिल्ह्यावर काय ओढवले होते ते वाचकांना आठवत असेल. कपाशी पुरुषभर उंच वाढली होती. तिच्यात शिरून फवारणी करणाऱ्यांच्या अंगावर, नाकातोंडात औषध जात होते. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शेकड्यांनी माणसे दाखल झाली होती. वीसांहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमले. गावोगाव त्याचीच बोली होती. परंतु बोली होती ती पुरुषांची, औषधाची आणि पंपाची. बादलीचा विचार त्या आजीखेरीज कोणाच्याही मनात आलेला मी ऐकला नाही.

मला उत्तर ठाऊक नव्हते. मी स्वतः कपाशीवाल्याच्या घरातला. माझ्या आईनेही सारे कपडे एकत्रच धुतले, आणि तिला कधी शंका आली असली तरी ती तिने बोलून दाखवली नाही. मी किसान कॉल सेंटरला फोन लावला. पलीकडच्या माणसाने मराठीत नीट सांगितले : फवारणीचे कपडे रोजच्या रोज, घरच्या कपड्यांपासून वेगळे, साबण लावून भरपूर पाण्यात धुवावेत, धुताना हातमोजे घालावेत, ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये, कपडे उन्हात वाळवावेत, आणि औषधाचा रिकामा डबा घरात कोणत्याही कामाला वापरू नये. आजीने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "हे आंदी कोनी काहून नाही सांगतलं?"

या प्रश्नाचे उत्तर फोनवर मिळण्यासारखे नव्हते. कोणी सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. आणि कोणी विचारले नाही, कारण विचारावे कोणाला? तेव्हापासून या विचारण्याच्या इतिहासाचा मला नाद लागला. राजांचा आणि लढायांचा इतिहास मी मुलांना शिकवतो. पण दूध करपले, डाग निघेना, यंत्र अडले अशा वेळी आपली माणसे कोणाच्या तोंडाकडे पाहत होती, याचा धडा आमच्या पुस्तकात नाही.

पूर्वी घरातला प्रश्न घरातच विचारावा लागे, आणि त्याची किंमत पडे. नव्या सुनेने सासूला विचारले की, पाक किती तारी घ्यायचा, तर उत्तराच्या आधी एक उलट प्रश्न ठरलेला असे : "आईने काही शिकवले नाही वाटते?" म्हणजे एका पाकासाठी सारे माहेर पणाला लागायचे. त्यापेक्षा लाडू बिघडलेले परवडत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली आले. त्याच्या नावातला ‘मित्र’ हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. पुस्तक माहेर काढत नाही. रात्री चिमणीच्या उजेडात ते उघडले तरी कोणाला कळत नाही. अर्थात, ज्या बाईला वाचता येत होते तिच्यापुरताच हा मित्र. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ निघाली आणि तिने शेर-छटाकांचा घोळ बाजूला सारून वाटी-चमच्याचे माप घराघरांत नेले. ज्या बाईच्या घरी तराजू नाही तिलाही उत्तर पोचले पाहिजे, एवढी साधी गोष्ट त्या मापात होती.

परंतु पुस्तकाला एक खोड असते. त्याला जे सांगायचे असते तेच ते सांगते. तुमचा प्रश्न ते ऐकत नाही. ऐकण्याचे काम मासिकांनी केले. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर’ आणि १९३० साली ‘स्त्री’ सुरू केले, आणि पोस्टाच्या तिकिटाइतक्या खर्चात अनोळखी माणसाशी बोलण्याची वाट मोकळी झाली. मात्र या वाटेवर सर्वांत पुढे गेलेला माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा हा गणिती मुलगा. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या मतांपायी प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. घरातल्या ज्या गोष्टी नवराबायकोही एकमेकांशी बोलत नसत, त्यांविषयी वाचक कर्व्यांना लिहून विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत.

आणि उत्तर दिले म्हणून त्यांच्यावर खटला झाला! १९३४ सालच्या त्या खटल्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवण्यात आली होती. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. लोक शंका विचारतात, जाणकाराने त्यांचे निरसन केले तर त्यात अश्लील ते काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला कर्वे हरले. दंड भरावा लागला. पण मासिक थांबले नाही. १९५३ साली कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, सव्वीस वर्षे ते चालले.

या खटल्याचा विचार करताना मला नेहमी त्या प्रश्न विचारणाऱ्यांची आठवण येते. कोण असतील ती माणसे? पत्र पेटीत टाकताना त्यांचा हात किती वेळ घुटमळला असेल! आणि महिन्या-दोन महिन्यांनी अंक आल्यावर त्यांनी तो कोठे लपून वाचला असेल! आमच्या आजीने फाटकाशी उभे राहून "हासान त नाही?" असे म्हटले, तोच तो घुटमळलेला हात.

रेडिओने फारसे बदलले नाही. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झाले आणि विदर्भातल्या ओसऱ्यांवर शेतीची माहिती ऐकू येऊ लागली. पण रेडिओ बोलतो, त्याला बोलता येत नाही. टपालाने पाठवलेल्या प्रश्नाचा नंबर लागेपर्यंत बोंडअळी आपले काम उरकून गेलेली असायची. विचारले आणि लगेच उत्तर आले, असे व्हायला २००४ चा जानेवारी उजाडावा लागला. त्या महिन्यात किसान कॉल सेंटर सुरू झाले. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, फुकट, आपल्या भाषेत. पण आमच्या गावात त्याचा आकडा किती जणांना पाठ होता? त्यापेक्षा कृषी केंद्राच्या फळीपलीकडे उभा असलेला दुकानदार जवळचा. तो उधारीवर माल देतो आणि कोणत्या औषधात कोणते मिसळावे तेही सांगतो. ज्याला माल विकायचा आहे त्यालाच सल्ला विचारायचा, हा आमच्या कपाशीच्या मुलखातला जुना रिवाज. २०१७ साली त्याचे मोल किती ते कळले.

आता संगणकाकडे वळतो. तेथे निराळीच पंचाईत होती. विचारायला माणसे होती, पण विचारायला अक्षरे नव्हती!

१९९५ च्या पंधरा ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्याच वर्षी परदेशातल्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ सुरू केली. तेथे कविता होत्या, गणपती होता, आणि ‘पुरणपोळी फाटते, काय करू?’ हेही होते. बोस्टनमध्ये सासू नव्हती. म्हणून का होईना, प्रश्न मोकळे झाले. पण लिहायचे ते इंग्रजी अक्षरांत, मराठी उच्चार धरून. कारण तेव्हाचे मराठी फाँट, शिवाजी म्हणा, कृतिदेव म्हणा, ही खरी सोंगे होती. आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक, वर मराठी अक्षराचे चित्र. ज्याच्या यंत्रावर तो फाँट नाही त्याला नुसता इंग्रजी चुरमुऱ्यांचा ढीग दिसे. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा एकच क्रमांक देणारी युनिकोड व्यवस्था १९९१ मध्ये आली होती आणि तिच्यात देवनागरीला १२८ घरे मिळाली होती. आपल्या ‘क’चे घर ०९१५. पण घर मिळाले तरी बिऱ्हाड यायला वेळ लागला. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा फाँट आला. त्याची अक्षरे आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेली. कवी, सुलेखनकार, गुरुजी. २००८ साली ते गेले. आज खेड्यातल्या ग्रामपंचायतीचा दाखलाही अनेकदा त्यांच्याच अक्षरात छापून येतो, आणि घेणाऱ्याला त्यांचे नाव ठाऊक नसते.

माझी स्वतःची फजिती याच काळातली. माझी पहिली कादंबरी मी यवतमाळला एका टंकलेखन करणाऱ्या मुलाकडून जुन्या फाँटात उतरवून घेतली आणि तबकडी पुण्याला पाठवली. तिकडून निरोप आला, ‘यात मराठी काही नाही.’ दोन वर्षांची मेहनत! मी नेट कॅफेत जाऊन बसलो. वर्गात मुलांना ‘न लाजता विचारा’ म्हणून सांगणारा मी. पण शेजारी बसलेल्या पोराला विचारायची मला लाज वाटली. मॅट्रिक मास्तर, त्यात कादंबरीकार म्हणवणारा, आणि याला आपलीच अक्षरे उघडता येत नाहीत! शेवटी इंग्रजी अक्षरांत मोडकेतोडके मराठी लिहून मी प्रश्न एका मराठी मंडळींच्या जागी टाकला. खाली खरे नाव घातले नाही. समाजस्वास्थ्याला लिहिणाऱ्यांशी माझे नाते तेथे जुळले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले होते. कोण गृहस्थ होते देव जाणे. त्यांनी सांगितले : विंडोज एक्सपीच्या एका चौकटीत खूण करा, मूळ तबकडी घाला, म्हणजे वेलांट्या जागेवर येतील, आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा अमुक कार्यक्रम वापरा. तसे केले. कादंबरी परत आली. फक्त एक घोटाळा राहिला. मराठीतला तो अर्धा, मोडका ‘र’ त्या कार्यक्रमाला कळला नाही. माझ्या सगळ्या ‘दऱ्या’ त्याने ‘दर्या’ करून टाकल्या. पुसदच्या डोंगरातली माझी नायिका दर प्रकरणात समुद्र ओलांडत होती! तेही मी विचारले, त्याचेही उत्तर आले. त्या गृहस्थांचे आभार मानायला मी खऱ्या नावाने लिहिले. एवढे धैर्य मला तोवर आले होते.

‘ॲ’ या अक्षराची गोष्टही अशीच आहे. मराठीला हवे असलेले हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. तोवर ‘ॲसिड सांडले, फरशीचा डाग कसा काढू?’ हा प्रश्नसुद्धा धड लिहिता येत नव्हता. ‘अ’वर चंद्र चिकटवून वेळ मारून न्यावी लागे.

मग सगळे फार झपाट्याने झाले. २०१६ पासून स्वस्त इंटरनेट हातात आले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने मराठीत बोललेले ऐकून लिहिण्याची सोय केली. म्हणजे ज्या पावसाळ्यात आमच्याकडे माणसे फवारणीने पडत होती, त्याच पावसाळ्यात निरक्षर बाईलाही जगाला प्रश्न विचारण्याची सोय झाली होती. दोन्ही गोष्टी एकाच गावात होत्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख नव्हती. आता उत्तरांचा तोटा नाही. उलट, भाजल्यावर टूथपेस्ट लावा म्हणणारे दहा आणि नुसते थंड पाणी सोडा म्हणणारा एक, अशी गत आहे. आणि कृषी केंद्राची फळीही आता त्याच पडद्यात शिरली आहे.

मागच्या वर्षी आजीने नातवाचा फोन घेऊन मला दाखवला. ती त्याच्याशी वऱ्हाडीत बोलत होती आणि तो भलतेच काही लिहीत होता. "गुरुजी, हा त हासत नाही, पन आयकत बी नाही," ती म्हणाली. मग तिचा प्रश्न मी पुस्तकी मराठीत म्हटला आणि उत्तर आले. ते तिने मला दोनदा वाचायला लावले.

फवारणीच्या कपड्यांची निळी बादली त्यांच्या न्हाणीबाहेर खुंटीला वेगळी टांगलेली असते. नातवाने तिच्यावर ऑइलपेंटने ‘फवारणि’ असे लिहिले आहे. णी ऱ्हस्व काढली आहे. मी ती अजून दुरुस्त करायला सांगितलेली नाही.