घाटात कळणारा रोग
आम्हा अचलपूर-परतवाड्याच्या मेकॅनिकांना गाडीचा रोग ओळखायला शिकवलं ते चिखलदऱ्याच्या घाटाने. अ‍ॅम्बेसेडरची ओढ मागच्या चाकांवर. चढावर एक्सलेटर दाबताच गाडी थरथरली, की आम्ही खाली शिरून प्रॉपेलर शाफ्ट हाताने पिळायचो. शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस खटखटला, तर नीडल बेअरिंग उघडायचो; ग्रीसऐवजी तांबूस भुकटी निघायची. उभ्या गाडीत रेस देऊनही थरथर राहिली, तर दोष इंजिनच्या फाउंडेशनचा नाहीतर प्लगचा.

1983 साली मारुती 800 आली. ओढ पुढच्या चाकांवर गेली, लांब शाफ्ट संपला. संशय एक्सलच्या आतल्या बाजूच्या जॉइंटवर आला. एक्सलेटर सोडताच थरथर थांबत असेल, तर चाकांच्या बॅलन्सिंगवर उगाच पैसे घालवू नका.