उलटा पीळ

सिंथिया फरार हे नाव मराठी वाचकाला बहुधा फुले दांपत्याच्या चरित्रातून माहीत असतं. या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या, १८३९ मध्ये अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) गेल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथे मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्यांच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या होत्या. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. या इतिहासात सगळ्यांचं लक्ष अक्षरांकडे जातं. मी नगरचा आणि डावखुरा, त्यामुळे माझं लक्ष सुईकडे जातं. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनासोबत शिवणकाम असे. दहा माणसांमागे साधारण एक डावखुरं, हा जगभरचा हिशेब धरला तर त्या मुलींतही डावखुऱ्या असणारच. त्यांचा माग कागदापेक्षा कापडावर काढावा असं मला वाटतं.

सगळं कापड मात्र चुगली करत नाही. धावदोरा डावीकडून घातला काय नि उजवीकडून काय, दिसतो सारखाच. माझी आत्या डावखुरी होती. शाळेत बाईंनी सुई तिच्या उजव्या हातात दिली. घरी गोधडीला ती बिनदिक्कत डाव्या हाताने टाके घाली. प्रसाद आणि तीर्थ उजव्या हातानेच घेणाऱ्या त्या घरात गोधडीबद्दल तिला कुणी कधी बोललं नाही. बोलणार कशावरून?

दांडी टाक्याचं तसं नाही. उजव्या हाताची बाई तो डावीकडून उजवीकडे नेते, डावखुरी उजवीकडून डावीकडे. आणि दोरा दोघींनी खालच्याच बाजूला धरला, तर दोरीसारख्या दिसणाऱ्या त्या टाक्याचा पीळ उलटा पडतो. क्रोशाचा गोल रुमालही तसाच. उजवा हात घड्याळाच्या काट्यांविरुद्ध फिरत जातो, डावा काट्यांबरोबर. जुनं ट्रेकव्हर हातात आलं की मी आधी हेच पाहतो. उलटा पीळ दिसला की मला उगाच आनंद होतो.

रिळांच्या लेसमध्ये, म्हणजे उशीवर टाचण्या टोचून अनेक रिळांनी विणतात त्या लेसमध्ये, हा भेद जवळजवळ मिटतो. प्रत्येक हातात रिळांची एक जोडी असते, आणि दोऱ्याला फक्त दोन चाली: मधले दोरे डावा उजव्यावर, जोडीतले उजवा डाव्यावर. दोन्ही हात सारखेच राबतात, त्यामुळे चाली बदलाव्या लागत नाहीत.

म्हणजे अडचण हातात नसून शिकवण्याच्या पद्धतीत होती. उजव्या हाताच्या बाईशेजारी बसून डावखुरी मुलगी गोंधळते. तिच्या समोर बसली तर आरशात पाहिल्यासारखी प्रत्येक हालचाल तिला आपल्याच हाताची दिसते. त्यासाठी चटई फिरवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. तेवढं न करता हात बदलायला लावला गेला, याचा मला राग आहे.

आत्याने पुढे पायमशीन घेतलं. हाताच्या मशीनवर उजवा हात चाक फिरवण्यात अडकतो आणि कापड एकट्या डाव्याला सांभाळावं लागतं. पायमशीनवर तिचे दोन्ही हात मोकळे झाले. कात्रीने मात्र शेवटपर्यंत दगा दिला. साध्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबाने एकमेकांना भिडतात, डाव्याच्या दाबाने फाकतात. कापड कापलं जाण्याऐवजी पात्यांत दुमडतं. कापडबाजारातून ती दर वेळी नवी कात्री आणायची, दुकानदाराला धार नीट नाही म्हणून सुनवायची, आणि ब्लाउजपीस कापायला शेजारणीकडे धाडायची.