जलक्रीडेची रीत

पाण्यासाठी झालेल्या भांडणांचा इतिहास आपल्याला पाठ आहे. गावच्या पाणवठ्यापासून दोन राज्यांच्या धरणांपर्यंत त्याचे दाखले हवे तितके मिळतात. पाण्यात खेळणाऱ्यांच्या भांडणांचा इतिहास मात्र क्वचितच कोणी मांडतो. डोह एकच असतो. एकाला त्यात पोहायचे असते, दुसऱ्याला गळ टाकून निवांत बसायचे असते, तिसऱ्याला दरडीवरून उडी घ्यायची असते आणि चौथा डोळे मिटून, नाक धरून शांतपणे बुडी मारू पाहत असतो. प्रत्येकाची हौस दुसऱ्याच्या हौसेच्या आड येते. असे असूनही ही माणसे शतकानुशतके एका पाण्यात नांदली. ती कशी नांदली, हे पाहण्यासारखे आहे.

आमच्या मराठवाड्यापुरते बोलायचे तर या इतिहासाचा आरंभ एका राजाच्या फजितीने होतो. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती कथा आहे. प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, सातवाहन राजा वसंत ऋतूत राण्यांसह बागेतल्या जलाशयात खेळत होता. पाणी उडवता उडवता एक राणी दमली आणि तिने राजाला संस्कृतात विनविले, की आता पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ या दोन शब्दांचा संधी होऊन ‘मोदकैः’ असे रूप झाले. राजाला व्याकरणाचा गंध नव्हता. त्याने तातडीने मोदक मागविले! राणी हसली, राजा खजील झाला, अन्नपाणी सोडून बसला. शेवटी शर्ववर्म्याने त्याच्यासाठी ‘कातंत्र’ हे सोपे व्याकरण रचले, अशी आख्यायिका आहे. पंडितांनी तिच्यातून व्याकरणाचे महत्त्व काढले. मला तिच्यात जलक्रीडेचा पहिला नियम दिसतो: पाणी उडविणाऱ्याच्या हौसेपेक्षा, ज्याच्या अंगावर ते उडते त्याचा शब्द मोठा.

पुढे कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य आले. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार लांब नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर तालुक्यातल्या होट्टलची कोरीव मंदिरे त्याच काळाची साक्ष देतात. या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसे मिळवावे येथपासून मन कसे रमवावे येथपर्यंत सर्व विषय त्यात आहेत. गंमत अशी, की या राजाने गळाने मासे धरण्याला ‘विनोद’ म्हटले आणि पाण्यात खेळण्याला ‘क्रीडा’, आणि दोहोंची सोय ग्रंथाच्या वेगवेगळ्या विभागांत लावली. गळाची दोरी, आमिष, माशांच्या जाती यांचे तपशील एकीकडे, तोयक्रीडा दुसरीकडे. राजाचा हेतू विषयांची मांडणी करण्याचा असेल. परंतु गळ टाकून बसलेल्या माणसाला शेजारी धबाधबा उड्या पडलेल्या चालत नाहीत, हे ज्याने कधी गळ धरला आहे त्याला सांगावे लागत नाही.

राजांचे जलाशय खाजगी होते. खरी कसोटी लागली ती सार्वजनिक घाटांवर. नांदेडला गोदावरीचे कितीतरी घाट आहेत: नगीना घाट, बंदा घाट, गोवर्धन घाट, उर्वशी घाट. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ साली येथेच निर्वाण झाले. त्यामुळे पर्वस्नानाच्या यात्रेकरूंबरोबर पंजाबातले भाविकही या काठावर येतात. त्याच पायऱ्यांवर उन्हाळ्याच्या सुटीत पोरांचा धुडगूस असतो. अशा ठिकाणची रीत कोणी लिहून ठेवलेली नसते, पण ती सर्वांना ठाऊक असते. पायरीलगतचे उथळ पाणी म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आणि लेकुरवाळ्यांचे. पट्टीच्या पोहणाऱ्याने पुढे धारेत जावे. अर्घ्य देणाऱ्याच्या समोरून हात मारीत जाऊ नये. कपडे धुवायचे ते प्रवाहाच्या खालच्या अंगाला.

लातूरकडे नदीपेक्षा विहिरीचा रिवाज अधिक. पोहणे शिकायचे ते विहिरीतच. पाठीला वाळलेला भोपळा, नाही तर पांगाऱ्याच्या लाकडाची सांगड, आणि पुढच्या काळात पत्र्याचा डबा. तेथेही शिस्त होती. मोट चालू असेल त्या बाजूने उडी नाही. मुटका मारायचा तर आधी खाली पाहायचे आणि हाळी द्यायची. शिकाऊ पोराला कडेची जागा द्यायची. विहीर मालकाची, पाणी पिकाचे आणि उरलेली मजा आपली, हा क्रम पोरांनाही पाठ असे.

हाच क्रम दर्यावर्दी राष्ट्रांनी कायद्यात आणला. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, त्यांत सामान्यतः यंत्राच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी आणि मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला सांभाळून जावे, असे सांगितले आहे. सार एवढेच, की ज्याला सहज वळता येते त्याने वळावे. आमच्या घाटावरचे पोहणारे हे नियम न वाचताच पाळीत आले.

परंतु या रीतीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. पाण्यात उतरलेल्यांनी एकमेकांना वाट देणे ही रीत. कोणाला पाण्यात उतरूच न देणे हा मज्जाव. आपल्या गावोगावी रीत होती, तसाच मज्जावही होता. ज्या विहिरीवर मोटेचा मान राखला जाई, तिच्या पायऱ्या गावकुसाबाहेरच्या पोराला बंद असत. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, ते या मज्जावाला उत्तर होते. मुंबईच्या ब्रीच कँडीच्या तलावात तर स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे गोऱ्यांनाच पोहण्याची मुभा होती. दार बंद करून आत पाळलेल्या सौजन्याला सौजन्य म्हणता येत नाही.

आणि पाणीच नसेल तेव्हा? २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातुरात टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पाण्याची गाडी लातुरात आली. तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. मैदानांवर प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरू, असे संयोजकांनी सांगून पाहिले होते. मैदानावरच्या पाण्याने लातूरची तहान भागली नसती, हे खरेच. मांजरेकाठचा ऊस त्याच्या कितीतरी पट पाणी पितो. पण प्रश्न केवळ लिटरचा नव्हता. एका घरी घागर रिकामी असताना शेजारी कारंजे उडू नये, ही जुनीच रीत होती. खेद इतकाच, की ती आठवण करून द्यायला न्यायालय लागले. हुकुमाने वळणारा वळतो खरा, पण त्याने वाट दिली असे कोणी म्हणत नाही.

आज नांदेडच्या वर विष्णुपुरीचा बांध आहे. तेथे दरवाजे उघडले, की खालच्या घाटांवर पाणी चढते, आणि पोहणाऱ्याला आता शेजाऱ्याबरोबर दरवाजांचीही खबर ठेवावी लागते. विहिरींत मोटा राहिल्या नाहीत. सांगड पाहायची तर कुणा आजोबांच्या माळ्यावर. रीत मात्र जुनी झालेली नाही. यंदा नरक चतुर्दशीच्या पहाटे बंब तापेल, उटण्याचा वास सुटेल आणि पहिल्या आंघोळीसाठी घरोघर लहानमोठ्यांची झुंबड उडेल. त्या वेळी जो आपला तांब्या खाली ठेवून धाकट्याला आधी पुढे करील, त्याला हा सारा इतिहास वाचल्यावाचून कळला, असे मी समजेन.