प्वेब्लो काळी मृत्पात्रे : पुनरुज्जीवन की नवनिर्मिती?

न्यू मेक्सिकोतील रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातील सांता क्लारा व सान इल्देफोन्सो या प्वेब्लो वस्त्या काळ्या मृत्पात्रांसाठी प्रसिद्ध आहेत. या पात्रांना, विशेषतः सान इल्देफोन्सो येथील पात्रांना, ‘प्राचीन कलेचे पुनरुज्जीवन’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो कितपत ग्राह्य मानावा, हे त्यांच्या निर्मितिपद्धतीवरून ठरविता येते.

या पद्धतीत कुंभाराचे चाक नाही. मातीत ज्वालामुखीची राख मिसळून तिच्या वळ्या एकीवर एक रचतात व भोपळ्याच्या कवटीने भिंत सारखी करतात. वाळलेल्या पात्रावर लोहयुक्त तांबड्या मातीचा लेप देऊन तो गुळगुळीत गोट्याने घोटतात. भाजणी उघड्यावर, लाकूड व शेणी रचून होते. शेवटी घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून आग कोंडतात. प्राणवायूच्या अभावी लेपातील लोहाचे क्षपण होते, धुरातील कार्बन पृष्ठभागात मुरतो आणि पात्र काळे होते. आग न कोंडल्यास तेच पात्र तांबडे निघते.

गाय व घोडा ही जनावरे या प्रदेशात स्पॅनिश लोकांनी आणली. त्यांची तेथील वसाहत १५९८ मध्ये सुरू झाली. तेव्हा भाजणीची आजची सामग्री त्यापूर्वीची असू शकत नाही. ‘प्राचीन’ म्हणविणाऱ्या परंपरेतही उसनवारी आहेच.

१८८० मध्ये रेल्वे आली, स्वस्त धातूची भांडी सुलभ झाली आणि मडक्यांचा घरगुती वापर घटला. पुढे १९०७ नंतरच्या उत्खननांत सापडलेल्या खापऱ्यांवरून तशी पात्रे घडविण्यास पुरातत्त्वज्ञ एडगर ह्यूएट यांनी मारिया मार्टिनेझ यांना सुचविले. परंतु १९१९-२० च्या सुमारास मारिया व त्यांचे पती ज्युलियन यांनी सिद्ध केलेली, चकचकीत काळ्यावर निस्तेज काळी नक्षी असलेली पात्रे त्या खापऱ्यांची नक्कल नव्हेत. मारियांनी घडवावे व घोटावे, ज्युलियननी मातीच्या पातळ लेपाने नक्षी काढावी, अशी ती विभागणी होती. ही कला मारियांनी गावातील इतरांनाही शिकविली आणि ती अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनली.

घोटलेल्या काळ्या पात्रांची परंपरा सांता क्लारा येथे आधीपासून चालत आली होती. तिला पुनर्जन्माची गरज नव्हती. सान इल्देफोन्सोची नक्षी विसाव्या शतकातील आहे. म्हणून ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द दोन्ही ठिकाणी अपुरा पडतो. शिवाय त्यामुळे श्रेय अज्ञात पूर्वजांकडे व उत्खननकर्त्यांकडे जाते आणि कल्पकतेने परंपरा पुढे नेणारे हात इतिहासातून वगळले जातात.