घारापुरीचा हत्ती

दिल्लीहून सुटीत मुंबईस जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी भायखळ्याच्या जिजामाता उद्यानातील पाषाणाचा हत्ती अवश्य पाहावा. पोर्तुगीजांनी घारापुरी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव याच हत्तीवरून दिले. १८६४ मध्ये त्यास इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला; उचलताना यारी तुटली आणि हत्ती भंगला. पुढे १९१४ मध्ये ते तुकडे पुन्हा जोडण्यात आले. शेजारचे संग्रहालय १८७२ मध्ये राणी व्हिक्टोरिया व अल्बर्ट यांच्या नावाने उघडले. त्यासाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्यास १९७५ मध्ये लाभले. बंदरातून परदेशी गेलेला ठेवा परत येईलच असे नाही. जो उरला, तो मुलांना दाखवणे मात्र पालकांच्या हाती आहे.