जादा बॅटरी (लहान होडीवरील)

इंजिन सुरू करणाऱ्या मूळ बॅटरीखेरीज दिवे, वायरलेस, जीपीएस, मासळीशोधक यंत्र आणि पाणी उपसण्याचा पंप यांसाठी होडीवर बसवलेली दुसरी बॅटरी. प्रस्तुत नोंद सुरतेजवळच्या डुमस किनाऱ्याच्या संदर्भात आहे.  

खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांतील फरक कित्येक मीटरचा असतो. ओहोटीला होडी चिखलात टेकते आणि एका कुशीवर कलते. म्हणून इथे बॅटरी जखडणे हे पहिले काम. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी २५ ते ३० किलोची असते. ती सुटून घसरली तर केबली उपटते, आम्ल सांडते आणि होडीचा तोलही बिघडवते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार जखडलेली बॅटरी कोणत्याही दिशेला एक इंचाहून जास्त हलता कामा नये. तळाशी आम्ल न खाणारा ट्रे, वरून पट्टा आणि टर्मिनलवर झाकण हवे. जागा शक्यतो होडीच्या मध्याजवळ, तळात साचणाऱ्या पाण्याच्या वर असावी. खारे पाणी बॅटरीच्या घरांत शिरले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी हाताशी असते, पण तिची उंची, वजन आणि सांडणारे आम्ल पाहता लहान होडीसाठी सीलबंद बॅटरीच बरी.

चार्ज होताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. तो हलका असल्याने वर चढतो, म्हणून पेटीला वरच्या बाजूने वाट ठेवावी. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी एकाच बंद कप्प्यात कधीही ठेवू नयेत.

१२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, आणि नेमका इथेच लोकांचा गैरसमज होतो. धोका आगीचा आहे. केबल घासून शॉर्ट झाली की शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो आणि तार लालबुंद होते. दुसरी बॅटरी समांतर जोडल्यास हा प्रवाह आणखी वाढतो. त्याच कौन्सिलचे मानक फ्यूज सर्वसाधारणपणे बॅटरीपासून केबलच्या सात इंचांच्या आत ठेवण्यास सांगते. स्टार्टरची केबल यातून वगळलेली आहे. केबल कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी, नाहीतर खारी हवा तिला आतून खाते. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी, काढताना उलट.

दोन बॅटऱ्या कायम समांतर ठेवण्यापेक्षा वेगळ्या ठेवणे केव्हाही चांगले. रात्रभर दिवे जळले तरी इंजिनची बॅटरी भरलेली राहते आणि होडी धक्क्याला परतते. त्यासाठी निवड-स्विच किंवा व्होल्टेज पाहून आपोआप जोडणारा-तोडणारा रिले वापरतात. समांतर जोडायच्याच असतील तर दोन्ही एकाच जातीच्या, क्षमतेच्या आणि वयाच्या हव्यात. जुनी बॅटरी नवीला खाली ओढते.

चार्जिंगचा हिशेब बहुतेकदा राहून जातो. लहान आउटबोर्ड इंजिनांची चार्जिंग कॉइल जेमतेम काही अँपिअर देते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी झाली तर १० अँपिअरने ती भरायला पाच तासांहून जास्त वेळ लागतो. इंजिन एवढे चालत नसेल तर सौर पॅनल लावावे. स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी हलकी असते, पण शिसे-आम्लाच्या जोडीला समांतर लावायची नसते. तिला नियंत्रक परिपथ आणि तिच्या मापाचा चार्जर लागतो. भर चार्जिंगमध्ये नियंत्रकाने तिला तोडले तर अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. जुन्या बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांखाली येतात. त्या विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्याव्यात, आम्ल खाडीत ओतू नये.